पुस्तके अनेक, मोजमाप एकच?

ख्रिस्ती लेखकाचे नवे पुस्तक परीक्षणासाठी आले की आपली लेखणी मवाळ होते. कादंबरी असो, संतचरित्र असो वा धर्मग्रामाचा इतिहास. शेवटचे वाक्य ठरलेले: 'हे पुस्तक प्रत्येक कुटुंबाच्या संग्रही असावे.' प्रस्तुत लेखकानेही ते लिहिले आहे. त्यामागे आपुलकी असते. परंतु प्रत्येक वाङ्मयप्रकाराची कसोटी निराळी असते, याचा त्या आपुलकीत विसर पडतो.

आपल्या कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर स्थापन झाले ते १८५० साली. त्यानंतर सातच वर्षांनी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. बाबांचा जन्म शेजारच्या बेळगावचा. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आपण तिचा अभिमानाने उल्लेख करतो. कादंबरी म्हणून ती वाचतो का? विधवांच्या स्थितीचे निरूपण हा हेतू ती शीर्षकातच सांगते. विधवांची दुःखे प्रसंगांतून समोर येतात तेथे मन हेलावते; पात्रांना बाजूस सारून निरूपण सुरू होते तेथे कथा खुंटते. लेखकाची कळकळ मात्र दोन्हीकडे सारखीच खरी आहे. केवळ कळकळीने कादंबरी सिद्ध होत नाही, एवढे परीक्षकाने सांगावयास हवे.

आत्मकथनात आपण प्रांजळपणा शोधतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या वर्षांतील संताप, विरह आणि सोवळ्याओवळ्याची ओढाताण त्या झाकून ठेवीत नाहीत. स्वतःच्या फजितीवर त्या हसतातही. म्हणूनच त्यांचे मनःपरिवर्तन पटते. आपल्या कित्येक संतचरित्रांत मात्र संत पहिल्या पानापासूनच संत असतो. त्याला मोह नाही, शंका नाही. मग त्याचा विजय तरी कशावर?

बाबा आणि लक्ष्मीबाई कॅथलिक नव्हेत. पण आपल्या परंपरेतील फादर स्टीफन्स यांनीही १६१६ च्या 'क्रिस्तपुराणा'त बायबलमधील कथा मराठी ओवीत आणली ती ओवीची शिस्त पाळून. विषय पवित्र म्हणून त्यांनी रचनेत सवलत घेतली नाही.

तेव्हा परीक्षकाने कादंबरीत माणसे जिवंत आहेत का ते पाहावे. इतिहासात सनावळी व पुरावा तपासावा. चरित्रात अपयशाला जागा आहे का ते विचारावे. उणीव दिसल्यास पृष्ठासह, सौम्य शब्दांत सांगावी. नाताळच्या खर्चातून एका पुस्तकापुरते पैसे बाजूला काढणारे घर आपल्या शब्दावर विसंबते. आणि पहिले पुस्तक लिहिणाऱ्या तरुणाला दुसरे अधिक चांगले लिहावयाचे असते. कोरड्या स्तुतीतून त्याला त्यासाठी काहीच मिळत नाही.