‘सुधारणा’ कशाची? : कार्बोजेन-उपचारावरील लेखनाविषयी एक आक्षेप

तीव्र आवाजाने कानास इजा झाल्यावर श्वासावाटे कार्बोजेन वायू देण्याच्या उपचाराविषयी जे लेखन झाले आहे, त्यातील ‘सुधारणा’ हा एकच शब्द प्रस्तुत टिपणात तपासावयाचा आहे. वैद्यक हा आमचा विषय नव्हे. परंतु शब्दाचा अर्थ वाक्यागणिक सरकू लागला म्हणजे भाषाभ्यासकाने स्वस्थ बसणे बरे नव्हे.

उपचारामागील विचार सुबोध आहे. अंतर्कर्णातील शंखाकार नळीस रक्त पोहोचविणारी मुख्य वाट एकच. तीव्र आवाजाने तेथील सूक्ष्म वाहिन्यांतील प्रवाह मंदावतो, प्राणवायू कमी पडतो. निव्वळ प्राणवायू दिल्यास वाहिन्या आकुंचन पावतात. म्हणून ९५ टक्के प्राणवायूत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळावयाचा, कारण तो वाहिन्या रुंदावतो. येथवर तक्रार नाही. परंतु पुढच्याच वाक्यात ‘प्रवाहातील सुधारणा’ ही ‘श्रवणातील सुधारणा’ होऊन बसते. मंदावलेला प्रवाह हे इजेचे कारण की परिणाम, हा प्रश्न मधल्या मधे गळतो. सस्तन प्राण्यांच्या या नळीतील केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मग तेथे रक्ताचा पूर आणून काय साधणार? शिवाय प्रयोगशाळेतील प्राण्यास वायू आवाज चालू असतानाच देता येतो. रुग्ण येतो तो दोन-चार दिवसांनी, कानात तेल घालून झाल्यावर.

उगो फिश यांनी १९८३ मध्ये केलेली तुलना अशा वेळी आधारास घेतली जाते. ती आकस्मिक बहिरेपणाविषयी होती. तो विकार निराळा, आणि त्यात पुष्कळांना आपोआपही गुण येतो. त्याच विकारासाठी अमेरिकन कान-नाक-घसा अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेने वाहिन्या रुंदावणारी औषधे सरसकट देऊ नयेत, असे म्हटले आहे.

खरी अडचण याहून खोल आहे. ‘श्रवण’ म्हणून जे मोजले जाते ते काय? कुजावा व लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखविले की आवाजानंतर श्रवणसीमा पूर्ववत होते, तरीही केशपेशी व चेतातंतू यांच्यामधील सांधे मोठ्या प्रमाणात नष्ट झालेले असतात. माणसांत हे कितपत घडते याचा वाद मिटलेला नाही. परंतु ऐकू येणे आणि कळणे या दोन क्रिया मराठीने आधीच निराळ्या ठेवल्या आहेत. मागावर आयुष्य काढलेले आमचे एक नातलग म्हणत, “ऐकू येतं रे, पण सात म्हणालास की हात, ते कळत नाही.” शुद्ध स्वरांच्या तपासणीत या तक्रारीस रकानाच नसतो.

तेव्हा वायूने श्रवण सुधारले असे म्हणणाऱ्याने श्रवणसीमेच्या आलेखासोबत गोंगाटातील शब्दचाचणीही दाखवावी. आणि रुग्ण मराठी असेल तर तीत सात–हात, साल–शाल अशा जोड्या असाव्यात.