पाच धडे आणि सात काठ्या

आमच्या डॉक्टरांनी माझ्या रक्तातल्या साखरेचा आकडा पाहिला आणि ‘रोज पाच किलोमीटर चाला’ असं फर्मावलं. याच साखरेपायी माझे वडील पेन्शनचा पहिला हप्ता न बघता गेले, त्यामुळे सल्ला थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. पण कुठेही पोचायचं नसताना चालणं माझ्या बी. कॉम. मनाला पटेना. चार दिवस चाललो, पाचव्या दिवशी कोपऱ्यावर मिसळ खाऊन परत आलो.

पेन्शनच्या कामाला आमच्या काउंटरवर एक कर्नलसाहेब येतात. ते म्हणाले, “गोल्फ खेळा. अठरा होल झाले की सात-आठ किलोमीटर चालणं होतं आणि चाललो हे कळतसुद्धा नाही.” रोगावर असा उतारा मिळाल्यावर मी संध्याकाळी घरी विषय काढला.

“अगं, मला क्लब घ्यायचेत.”

“अहो, भिशीचा हप्ता राहिलाय आणि क्लब कसले घेताय? किती?”

“जास्तीत जास्त चौदा.”

सौ. काही बोलली नाही. आत जाऊन डॉक्टरांचा कागद घेऊन आली आणि साखर डोक्यात जाते का, ते त्यात शोधू लागली.

वाचकहो, गोल्फच्या काठीलाही क्लबच म्हणतात, हा दोष माझा नाही. नियमाप्रमाणे एका फेरीत जास्तीत जास्त 14 काठ्या बरोबर नेता येतात. चौदाच नेल्या पाहिजेत असं कुठेही म्हटलेलं नाही. पण दुकानदार तो नियम तसाच वाचतो. या काठ्यांना नंबर असतात. आमच्याकडे स्केल वाढली की खुर्ची मोठी होते. इथे नंबर वाढला की दांडा आखूड होतो आणि चेंडू जास्त उंच उडून कमी लांब जातो. ‘वुड’ नावाच्या काठ्यांत आता लाकूड औषधालाही सापडत नाही.

दुकानातल्या पोरानं मला लोखंडी तोंडाची एक काठी उलटी करून दाखवली. मागून पोखरलेली होती. “सर, ही फरगिव्हिंग आहे.” म्हणजे वजन कडेकडेला नेलेलं असतं, त्यामुळे फटका मधोमध बसला नाही तरी चेंडू फारसा रुसत नाही. बावीस वर्षं बँकेत काढल्यावर क्षमाशील अशी पहिली वस्तू मला भेटली. किंमत ऐकली आणि क्षमा ही थोरामोठ्यांनाच का परवडते, तेही कळलं.

वेतनकराराची थकबाकी नुकतीच जमा झाली होती. तेवढ्यात एकतर काठ्या येत होत्या, नाहीतर शिकवणी. दोन्ही हवं तर नव्या फ्रीजवर पाणी सोडावं लागणार होतं. अशा पेचात मध्यमवर्गीय माणूस तिसरा मार्ग काढतो : पुस्तक मागून आणतो. कर्नलसाहेबांनी बेन होगन यांचं ‘फाइव्ह लेसन्स’ दिलं. आजचा लेख म्हणजे त्या पुस्तकाचं परीक्षण आहे. फ्रीज उगीच मध्ये आला.

होगन हा टेक्सासचा माणूस. लहानपणी दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारा कॅडी. 1949 साली त्याची मोटार समोरून येणाऱ्या बसवर आदळली. पुन्हा चालेल की नाही अशी अवस्था झाली. 1950 साली त्याच पायांवर त्यानं अमेरिकेची ओपन स्पर्धा जिंकली. 1953 साली तर तीन मोठ्या स्पर्धा मारल्या. त्याच वर्षी काठ्यांचा कारखाना काढला आणि पहिला माल मनासारखा उतरला नाही म्हणून तो बाजारात जाऊच दिला नाही. असा माणूस शिकवायला बसल्यावर आपण आपोआप ताठ होतो. हे धडे 1957 साली आधी एका क्रीडासाप्ताहिकात आले, मग त्यांचं पुस्तक झालं. शब्दांना हर्बर्ट वॉरन विंड यांची मदत होती, चित्रं अँथनी रॅव्हिएली यांची.

पुस्तकाचं पहिलं मोठेपण असं, की पहिला धडा काठीचा नाही, हाताचा आहे. काठी धरायची कशी, एवढ्यावर अख्खं प्रकरण. मग उभं राहायचं कसं. चेंडूला हात लावायची परवानगी जवळजवळ नाहीच. मला आमचे हायस्कूलचे गुरुजी आठवले. त्यांनी पेन देण्यापूर्वी वर्षभर बोरू धरायला लावला असता तर माझी सही आज दरवेळी जुळली असती. चित्रं तर अशी, की दंडातला स्नायून् स्नायू मोजून घ्यावा. मी बनियनवर आरशासमोर उभं राहून ताळा करून पाहिला. पुष्कळ फरक आला.

दुसरं मोठेपण म्हणजे ती काच. होगन सांगतो, चेंडूपासून आपल्या खांद्यांपर्यंत एक तिरकी काच टेकवलेली आहे आणि तिच्या भोकातून आपलं डोकं बाहेर आलंय असं समजा. काठी मागे नेताना हात वर जाऊन ती काच फुटता कामा नये. मोठमोठ्या ग्रंथांना जे जमत नाही ते या एका काचेनं साधलंय. बावीस वर्षं मी काचेच्या भोकातूनच जगाशी बोलत आल्यामुळे हा धडा मला एका रात्रीत पाठ झाला. हॉलमध्ये छत्रीनं सराव केला. काल्पनिक काच शाबूत राहिली, शोकेसची गेली.

होगनचा ठाम विश्वास, की बेताच्या अंगाचा माणूसही नीट अभ्यास करील तर 80 फटक्यांच्या आत फेरी पुरी करील. माझे 80 अर्ध्या वाटेवरच भरले असते, पण आधी कर्नलसाहेबांबरोबर सरावाच्या मैदानावर गेलो. त्यांची सात नंबरची काठी, होगनची पकड, डोक्याभोवती काच. चेंडू उडाला, सरळ निघाला आणि मग उजवीकडे असा वळला, की जणू तिकडे त्याचं खातं होतं. दहाच्या दहा चेंडू तिकडेच.

तिथले शिकवणारे प्रो थोडा वेळ बघत उभे राहिले. मग विचारलं, “साहेब, ही पकड कोणी शिकवली?”

“बेन होगन यांनी.”

“बरोबर. त्यांचा चेंडू डावीकडे पळायचा. तुमचा उजवीकडे पळतोय.”

या पुस्तकाची इतकी नेमकी समीक्षा माझ्या वाचनात नाही. होगन तरुणपणी डावीकडे वळणाऱ्या चेंडूनं हैराण झाला होता. तो थांबवण्यासाठी त्यानं डावा हात काठीवर थोडा डावीकडे फिरवून धरला. त्याला गुण आला. तोच गुण पुस्तकात धड्याच्या रूपानं सगळ्यांना मिळाला. पण नवशिक्यांपैकी बहुतेकांचा आजार उलटा असतो. शेजाऱ्याच्या बी.पी.ची गोळी आपल्याला लागू पडेल म्हणून घेणारी माणसं आपल्या चाळीत कमी नाहीत. मी ती टेक्सासहून मागवली एवढंच.

म्हणून पुस्तक वाईट का? मुळीच नाही. ते एका माणसानं स्वतःच्या शरीराचा लिहिलेला प्रामाणिक हिशेब आहे, आणि इतका चोख हिशेब आम्हा बँकवाल्यांनाही जमत नाही. त्याची चूक एकच : तो आपला ताळेबंद सगळ्यांचा ताळेबंद समजतो. पुस्तकाला वाचक दिसत नाही. होगनला मी दिसलो असतो, तर त्यानं पहिला धडा बदलला असता असं मला मनापासून वाटतं.

थकबाकी शेवटी शिकवणीत गेली. पहिले आठ तास मागून आणलेल्या एकाच काठीवर झाले. मग प्रोंनी माझ्या मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं आणि सात जुन्या काठ्या निवडून दिल्या, सगळ्या क्षमाशील, सेकंडहँड क्षमा स्वस्त पडते. फ्रीज पुढच्या करारावर गेला. साखर किंचित उतरली आहे.

नवशिक्यांनी विचारलंच तर माझा क्रम असा : आधी शिकवणी, मग काठ्या, मग होगन. मधल्या दोन पायऱ्या उलटसुलट झाल्या तरी चालेल, पहिली नको. बावीस वर्षांत हजारो माणसांनी काचेतून माझ्याकडे स्लिपा सरकवल्या. पण मी उभा कसा राहतो, हे अर्धा तास बघत उभा राहिलेला माणूस मला मैदानावरच भेटला. त्याची फी फार नव्हती.