अभिलेख कशाला म्हणायचं? 1993 च्या व्याख्येवर बेल्लमपल्लीहून

सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 1993 मधली व्याख्या वाचली की माझ्यातला इंजिनिअर अडखळतो. दस्तऐवज, हस्तलिखित, फाइल; मायक्रोफिल्म, तिच्यावरून काढलेल्या प्रतिमा; संगणकाने किंवा दुसऱ्या यंत्राने तयार केलेलं इतर साहित्य. मजकूर कशावर आहे आणि कुठल्या कार्यालयाचा, एवढंच इथं कळतं. तो कुठल्या कामाचा पुरावा, याबद्दल चकार शब्द नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने हीच यादी जवळजवळ जशीच्या तशी उचलली.

बेल्लमपल्लीत (2016 पासून मंचेरियाल जिल्हा) 1927 साली कोळसा काढायला सुरुवात झाली. खाणीत कागद किती प्रकारचे! सरदाराचा पाळीचा रिपोर्ट, ओव्हरमनची डायरी, खाली उतरणाऱ्यांची हजेरी, दिव्यांच्या खोलीतली वही, सर्व्हेअरचा नकाशा. व्याख्येपुढे हे सगळे आणि कॅन्टीनची चिठ्ठी सारखेच. प्रत्यक्षात नाहीत. खाण बंद करताना तिचा शेवटचा नकाशा खाण सुरक्षा खात्याकडे द्यावा लागतो, कारण शेजारी खणणाऱ्याला पोकळी कुठवर आहे, पाणी कुठं साठलंय हे कळायला हवं. चासनाळ्यात 27 डिसेंबर 1975 ला जुन्या कामाचं पाणी फुटलं, पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. बागडिगीत 2001 साली पाणी शेजारच्या बंद खाणीतून आलं, 29 गेले.

म्हणून माझी कसोटी साधी आहे: या कागदावर विसंबून कुणी काही करणार होतं का? आयएसओ 15489 हे मानकही व्यवहाराचा पुरावा याच अंगाने जातं. या कसोटीवर सर्व्हेअरचं फील्ड बुक फार वर चढतं. आपण त्याला कच्चं समजतो, पक्का नकाशा झाला की रद्दीत. पण नकाशा चुकलाय अशी शंका आली तर मूळ मोजमाप पाहायला दुसरीकडे जायचं कुठं? आपल्या मंडळातही गोल शिक्का दिसला की डोळे मिटून ‘अधिकृत’ म्हणायची खोड आहेच.

कायद्यात आणखी एक रेघ आहे: 1892 पूर्वीचा अभिलेख पार निकामी झाल्याशिवाय नष्ट करता येत नाही. हैदराबाद (डेक्कन) कंपनी 1886 ची, तेव्हा येल्लंदूचे पहिले काही कागद या रेघेअलीकडचे. बेल्लमपल्लीचा मात्र एकही नाही. त्यातही हा कायदा केंद्राच्या, किंवा केंद्राचं नियंत्रण वा पैसा ‘बऱ्याच अंशी’ असलेल्या संस्थांचा. सिंगरेणीत राज्याचे 51 टक्के, केंद्राचे 49. एकोणपन्नास म्हणजे बऱ्याच अंशी की नाही, हे ठरेपर्यंत फील्ड बुकं कोणाच्या कपाटात राहायची?