पाणथळ जागांचे पर्यावरणीय मूल्यांकन : एक चिकित्सा

प्रस्तावना

पाणथळ जमीन म्हणजे पडीक जमीन, हा समज आपल्याकडे दीर्घकाळ रुजलेला आहे. भराव टाकून ती उपयोगात आणणे यालाच विकास मानले गेले. या समजाला उत्तर म्हणून पर्यावरणीय अर्थशास्त्राने पाणथळ जागांपासून मिळणाऱ्या सेवांचे पैशातील मूल्यांकन पुढे आणले. असे मूल्यांकन व्यवस्थापनास कितपत मार्गदर्शक ठरते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूल्यांकनाचे स्वरूप व मर्यादा

रॉबर्ट कोस्टान्झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील लेखात जगातील परिसंस्थांच्या सेवांचे सरासरी वार्षिक मूल्य ३३ लाख कोटी डॉलर असल्याचे मांडले. त्यात वनांचे दर हेक्टरी वार्षिक मूल्य ९६९ डॉलर, तर पाणथळ जागांचे १४,७८५ डॉलर होते. निसर्गाच्या सेवा फुकट आहेत, या गृहीतकाला या मांडणीने धक्का दिला, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र ठिकठिकाणच्या अभ्यासांतून सरासरी काढून तिला क्षेत्रफळाने गुणणे, ही तिची पद्धत होती. व्यवस्थापकापुढील प्रश्न एकूण मूल्याचा नसतो. विशिष्ट दहा हेक्टरांवर भराव पडल्यास कोणते कार्य थांबेल आणि त्याची झळ कोणाला बसेल, हा असतो. सरासरी आकडा याचे उत्तर देऊ शकत नाही.

पूर्व कोलकात्याचा दाखला

सुमारे १२,५०० हेक्टरांचे पूर्व कोलकाता पाणथळ क्षेत्र २००२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाले. येथे शहराचे सांडपाणी उथळ तलावांत सोडले जाते. सूर्यप्रकाश, शेवाळ व जिवाणू यांच्यामुळे त्यातील सेंद्रिय घटकांचे विघटन होते, त्यावर मासे पोसले जातात आणि उरलेले पाणी शेतीला मिळते. अभियंता ध्रुवज्योती घोष यांनी ही व्यवस्था अभ्यासून जगासमोर आणली. किती सांडपाणी केव्हा आत घ्यावे, याचे ज्ञान मत्स्यव्यावसायिकांकडे आहे. म्हणजे जलशुद्धीकरण ही येथे केवळ निसर्गाची सेवा नसून ती श्रमाचीही निष्पत्ती आहे. दर हेक्टरी आकड्यात हे श्रम दिसत नाहीत. शिवाय केवळ किंमत हाच संरक्षणाचा आधार मानल्यास, शेजारच्या इमारतींमुळे जमिनीचा भाव वाढताच तोच युक्तिवाद पाणथळ जागेच्या विरोधात उलटतो.

नियमांतील विसंगती

भारतातील २०१७ चे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम परिसंस्थेचे घटक, प्रक्रिया व सेवा यांच्या समुच्चयाला ‘पर्यावरणीय स्वरूप’ मानतात आणि पूर्वापार हक्कांची नोंद आवश्यक ठरवतात. ही भूमिका स्वागतार्ह आहे. परंतु सिंचन, पिण्याचे पाणी, मत्स्यपालन वा मीठ उत्पादनासाठी खास निर्माण केलेल्या मानवनिर्मित जलाशयांना हेच नियम व्याख्येतून वगळतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हे गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील सिंचनाच्या बंधाऱ्यामुळे निर्माण झालेले पाणथळ क्षेत्र आज रामसर स्थळ आहे. त्याचे महत्त्व उगमावरून नव्हे, तर तेथील गाळ, वनस्पती व पक्षिजीवन यांवरून ठरले. असा दर्जा न लाभलेल्या कित्येक गावतलावांचे मूल्यांकन मात्र व्याख्येपाशीच थांबते.

निष्कर्ष

किंमत आणि मूल्य या दोन संकल्पनांतील भेद मराठी भाषेने जपला आहे. व्यवस्थापनानेही तो जपणे अगत्याचे आहे. पैशातील आकडा हा पुराव्याचा एक भाग होऊ शकतो, निवाडा नव्हे. मूल्यांकनाने प्रथम पाणथळ जागेचे कार्य, नंतर लाभधारक व हानी सोसणारे घटक आणि शेवटी, शक्य तेथेच, किंमत नोंदवावी. हा क्रम उलटल्यास मूल्यांकन हे संरक्षणाचे साधन न राहता विक्रीपूर्व मोजणी ठरण्याचा धोका संभवतो.