वार्षिक पत्रातील मौन

नाताळच्या सुमारास वर्षभराचे कुटुंबवृत्त एकाच मजकुरात सर्व स्नेह्यांना धाडण्याची पाश्चात्त्य प्रथा परदेशस्थ मराठी कुटुंबांतही आढळते. या पत्राची वाङ्मयीन अडचण त्याच्या वाचकात आहे. जुन्या मराठी पत्रात वडिलांस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद अशी प्रत्येकाची जागा राखलेली असे. वार्षिक पत्र सर्वांसाठी असल्याने त्यात पदव्या, बढत्या, प्रवास उरतात. कलह आणि शंका गळून जातात. पंडिता रमाबाई व सिस्टर जेराल्डीन यांचा, अ. भि. शहा यांनी १९७७ साली संपादित केलेला पत्रव्यवहार नेमका उलट टोकाला आहे. १८८३ मधील बाप्तिस्म्यानंतरही रमाबाई श्रद्धेविषयी निर्भीडपणे वाद घालतात. समोर एकच व्यक्ती असल्यामुळेच ते शक्य होते. पूर्वी मृत्यूची वार्ता देणाऱ्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असे. मजकूर वाचण्याआधीच दुःख कळे. वार्षिक पत्राला असा कोपरा नाही. म्हणूनच घरातले माणूस गेलेल्या वर्षी, छापील मजकुराखाली कोणा एकासाठी हाताने लिहिलेल्या दोन ओळी हेच खरे पत्र ठरते.