सरासरी हप्ता कमी झाला, पण कोणाचा?

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'सुधारणेमुळे वाहन विम्याचे हप्ते कमी झाले.' मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला, 'कोणाचे?' संशोधनाची तयारी करत असाल, तर हा शब्द तुम्हालाही उपयोगी पडेल.

प्रकरण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचं आहे. तिथे गाडीचा मूळ विमा आयसीबीसी हे १९७३ साली स्थापन झालेलं सरकारी महामंडळच उतरवतं. २०१७-१८ मध्ये त्याला सुमारे १३० कोटी डॉलरचा तोटा झाला आणि मग दोन मोठे बदल आले.

पहिला, सप्टेंबर २०१९ चा. तोपर्यंत सवलत गाडीच्या मालकाच्या इतिहासावर ठरायची, मग गाडी कोणी का चालवेना. नव्या पद्धतीत चालकांची जोखीम मोजताना मुख्य चालकाला ७५ टक्के आणि नोंदवलेल्या इतरांपैकी सर्वांत जोखमीच्या चालकाला २५ टक्के वजन मिळालं. दुसरा बदल मे २०२१ चा. बहुतेक अपघातांत समोरच्या चालकावर दावा लावायचा जखमींचा हक्क गेला; त्याऐवजी चूक कोणाचीही असो, उपचार आणि बुडालेलं उत्पन्न यांसाठी लाभ ठरले. यामुळे हप्ते सरासरी २० टक्के उतरतील, असं सांगितलं गेलं.

आता नीट बघा. पहिल्या बदलाने मुख्यतः ओझ्याची वाटणी बदलली, दुसऱ्याने ओझंच हलकं केलं. नवख्या चालकाचा हप्ता २०१९ मध्ये चढून २०२१ मध्ये उतरला असेल, तर सरासरीत त्याची गोष्ट दिसतच नाही. शिवाय मधल्या २०२० मध्ये कोविडमुळे रस्ते ओस पडले आणि अपघात घटले. त्यामुळे 'आधी आणि नंतर' अशी सरळ तुलना इथे फसवी ठरते.

माझा मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. २०२१ नंतर लोक तीच वस्तू स्वस्तात घेत नाहीत, वस्तूच बदलली आहे. वकिलांचा खर्च वाचला हे खरं, पण वेदनांची भरपाई कोर्टात मागायची वाटही बहुतेकांसाठी बंद झाली. गंभीर जखमी माणसाच्या दृष्टीने ती २० टक्के 'बचत' आहे की त्याने मोजलेली किंमत? याचं उत्तर हप्त्यांच्या आकडेवारीत सापडणार नाही; त्यासाठी जखमींना प्रत्यक्षात काय मिळालं ते पाहावं लागेल.

म्हणून प्रस्ताव लिहिताना तीन प्रश्न वेगळे ठेवा: एकूण खर्च किती घटला, तो कोणात कसा वाटला गेला, आणि बदल्यात कोणी काय गमावलं. मी आता तिसऱ्यापासून सुरुवात केली आहे. काम वाढलंय, पण ते जुनं वाक्य पुन्हा लिहायची हिंमत होत नाही.