शेवटच्या सेक्टरातली प्रत

पाचशे जीबीची जुनी डिस्क मी एक टीबीच्या नव्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवली आणि वाढलेल्या जागेत लिनक्स बसवायला घेतले. पार्टेडने लगेच अडवले: पार्टिशन टेबलची राखीव प्रत डिस्कच्या शेवटी असायला हवी, ती तिथे नाही, दुरुस्त करू? हात थबकला खरा. पण या एका प्रश्नापायी मी जीपीटी या पार्टिशन टेबलची रचना पहिल्यापासून वाचून काढली आणि तिच्या प्रेमातच पडलो.

तिची सुरुवातच पाहा. शून्य क्रमांकाच्या सेक्टरात ती स्वतःविषयी अवाक्षर काढत नाही. तिथे जुन्या एमबीआर पद्धतीची एकच नोंद असते, प्रकार ‘ईई’. अर्थ एवढाच की इथली जागा भरलेली आहे. ज्या जुन्या साधनांना जीपीटी वाचता येत नाही, त्यांनी ही डिस्क कोरी समजून तिच्यावर लिहू नये, म्हणून ही पाटी. आपली भाषा न येणाऱ्यासाठी त्याच्याच भाषेत दारावर निरोप ठेवण्याचे हे सौजन्य मला फार मोलाचे वाटते.

खरा मजकूर सेक्टर १ मध्ये. आरंभी ‘ईएफआय पार्ट’ ही खूण, पुढे चूक पकडणारा ताळा, मग स्वतःचा पत्ता आणि लगोलग दुसऱ्या प्रतीचा पत्ता. ५१२ बाइटांचा सेक्टर धरला तर २ ते ३३ या सेक्टरांत १२८ पार्टिशनांच्या नोंदी. डिस्कच्या दुसऱ्या टोकाला हाच क्रम उलटा: आधी नोंदी, अगदी शेवटच्या सेक्टरात मथळा. मला सगळ्यात सुंदर वाटतो तो हा उलटा क्रम. पुढची पाने फाटली तरी मथळा शोधायला आणखी काही ठाऊक असावे लागत नाही. डिस्क कुठे संपते एवढे कळले की पुरे.

माझी अडचण नेमकी इथेच होती. राखीव प्रत ९७,६७,७३,१६७ या सेक्टरात, जुन्या डिस्कच्या टोकाशी, इमानाने बसलेली. नव्या डिस्कचे टोक १,९५,३५,२५,१६७ वर. बिघडले काहीच नव्हते, टोक पुढे सरकले होते. जीडिस्कच्या तज्ज्ञांसाठीच्या मेनूत ‘ई’ आणि मग ‘डब्ल्यू’ दिले की प्रत शेवटी जाऊन बसते. फायलींना धक्का लागत नाही.

(बायोसवर चालणाऱ्या जुन्या संगणकात ग्रब हा बूटलोडर अडतो, तोही याच पानांमुळे. एमबीआरच्या काळी तो पहिल्या सेक्टरामागच्या मोकळ्या पट्टीत राहायचा. तिथे आता नोंदी आहेत. त्याला एक एमबीचे ‘बायोस बूट’ पार्टिशन दिले की काम होते.)

आणि नोंदीचे १२८ बाइट: त्यांतले ७२ केवळ नावासाठी! एमबीआरच्या १६ बाइटांच्या नोंदीत नावाला जागाच नव्हती. शिवाय हे नाव यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे काना-मात्रा वेगळ्या मोजूनही देवनागरीची ३६ चिन्हे मावतात. नव्या पार्टिशनला मी ‘घर’ म्हटले.